हातांचे बिऱ्हाड : चित्रकार फूजिता

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पॅरिस शहरात देशोदेशींचे तरुण चित्रकार येऊन राहिले. स्पेनचा पिकासो, इटलीचा मोदिग्लियानी, झारच्या रशियातून आलेले सुतीन आणि शागाल ही नावे आपल्या कानांवरून गेलेली असतात. याच मंडळींच्या शेजारी, त्याच मोंपार्नास भागातल्या कोंदट खोल्यांत राहिलेला आणि १९२०च्या दशकात त्यांच्याइतकाच गाजलेला एक जपानी चित्रकार होता. त्याचे नाव त्सुगुहारू फूजिता. आपल्याकडे त्याच्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.

फूजिताविषयी लिहावेसे वाटण्याचे माझे कारण केवळ त्याची कीर्ती हे नाही. हा माणूस उभे आयुष्य हाताने काही ना काही घडवत राहिला. त्याने चित्रे काढली, चौकटी सुतारकाम करून स्वतः तयार केल्या, कपडे स्वतः शिवले, भांडी रंगवली, एका लहानशा घराची खेळण्यासारखी प्रतिकृती रचली आणि शेवटी एक चर्चही उभारले. दोन देशांनी त्याला आपापल्या परीने डोक्यावर घेतले, आणि जन्मभूमीने तर खाली आपटलेही. या सगळ्या धावपळीत त्याच्या मालकीचे म्हणावे असे एकच घर राहिले, ते त्याच्या हातांनी रचलेले. पण हाच कुशल हात एकदा युद्धाच्या कामाला लागला आणि त्याचा जाब त्याला जन्मभर चुकवता आला नाही. कलेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी या गोष्टीचा विचार करावा असे मला वाटते.

फूजिताचा जन्म २७ नोव्हेंबर १८८६ रोजी टोकियोत झाला. वडील लष्करात डॉक्टर होते आणि पुढे त्या खात्यात अगदी वरच्या पदापर्यंत चढले. आई तो पाच वर्षांचा असतानाच गेली. वडिलांच्या बदलीमुळे त्याचे बालपण काही काळ दक्षिणेकडच्या कुमामोतो गावी गेले. घरात शिस्त कडक, पण मन मोकळे असावे. चौदाव्या वर्षी या मुलाने आपल्याला चित्रकार व्हायचे आहे हे वडिलांना तोंडाने सांगण्याचे धैर्य न झाल्यामुळे, एकाच घरात राहत असूनही, पत्राने कळवले. वडिलांनी काही न बोलता रंगांच्या सामानासाठी पन्नास येन त्याच्या हाती ठेवले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. लष्करी शिस्तीत वाढलेल्या बापाने मुलाच्या हातावर एवढा विश्वास टाकला, हे मला फूजिताच्या चरित्रातले पहिले महत्त्वाचे पान वाटते.

त्याला तडक फ्रान्सला जायचे होते. पण वडिलांचे स्नेही, लष्करी डॉक्टर आणि थोर लेखक मोरी ओगाई यांनी आधी टोकियोच्या कलाविद्यालयात शिकावे असा सल्ला दिला. त्याप्रमाणे तो १९०५ साली तेथे पाश्चात्त्य चित्रकलेच्या शाखेत दाखल झाला आणि १९१० साली पदवीधर झाला. या शाखेचे गुरू कुरोदा सेइकी हे स्वतः पॅरिसमध्ये शिकून आलेले. प्रकाशाने भरलेली, काळा रंग वर्ज्य मानणारी चित्रपद्धती त्यांनी जपानात रुजवली होती. फूजिताने पदवीसाठी जे आत्मचित्र केले ते गडद छायांचे होते आणि ते गुरुजींना मुळीच रुचले नाही. गंमत अशी की पुढे त्याच शिष्याने काळ्या शाईच्या एका बारीक रेषेवर पॅरिस जिंकले.

१९१३ साली, सव्वीस वर्षांचा असताना, तो एकटाच बोटीने निघाला आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला पोचला. तिथे पोचताच त्याची गाठ पिकासोशी पडली. पिकासोच्या स्टुडिओत त्याने घनवादी चित्रे पाहिली आणि आँरी रूसो या भोळ्याभाबड्या वाटणाऱ्या चित्रकाराचे काम पाहिले. टोकियोत जे शिकवले होते ते पॅरिसने केव्हाच मागे टाकले आहे, चित्रकला म्हणजे कुरोदांनी घालून दिलेली एकच वाट नव्हे, हे त्याला त्या क्षणी उमगले. त्यानंतर त्याने शिकलेले सारे बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली.

सुरुवातीचे दिवस हालाचे होते. कावाशिमा नावाच्या जपानी चित्रकार मित्राबरोबर तो काही काळ रेमंड डंकन याच्या मंडळात रमला. प्रसिद्ध नर्तिका इझाडोरा डंकन हिचा हा भाऊ प्राचीन ग्रीकांसारखे साधे जीवन जगावे असे सांगे. ही मंडळी आपले वस्त्र आपणच तयार करीत. फूजिताही ग्रीक पद्धतीची वस्त्रे अंगावर घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवर हिंडला. लोकांनी त्याला विदूषक म्हटले असेल, पण स्वतःच्या अंगावरचे कापड स्वतः बेतायचे ही सवय त्याला लागली ती कायमची. पुढे नाव झाल्यावरही शिलाईचे यंत्र त्याच्या घरातून हलले नाही.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि जपानहून येणारे पैसे थांबले. बहुतेक देशबांधव परत गेले. हा मात्र राहिला. थंडीत शेकोटीसाठी आपलीच चित्रे जाळण्याची पाळी त्याच्यावर आली. १९१७ साली फर्नांद बारे या फ्रेंच चित्रकर्तीशी त्याने लग्न केले आणि त्याच वर्षी शेराँ यांच्या गॅलरीत त्याच्या जलरंगांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. पिकासो तेथे येऊन बराच वेळ चित्रे पाहत उभा होता. १९१८ साली मोदिग्लियानी आणि सुतीन यांच्याबरोबर तो दक्षिण फ्रान्समध्ये काही दिवस राहिला. १९१९च्या शरद ऋतूतील मोठ्या प्रदर्शनात त्याने पाठवलेली सहाही चित्रे स्वीकारली गेली. तेथून त्याचे दिवस पालटले.

पॅरिसला भुरळ पडली ती त्याच्या पांढऱ्या रंगाची. कॅनव्हासवर तो दुधासारखी, हस्तिदंतासारखी गुळगुळीत पांढरी जमीन तयार करी आणि तिच्यावर अत्यंत बारीक जपानी कुंचल्याने काळ्या शाईची रेघ ओढी. त्वचा रंगवण्यासाठी तो जवळजवळ रंगच वापरत नसे. पांढरी जमीन हीच त्वचा, आणि तिची कड सांगणारी ती रेघ. १९२२ साली त्याने मोंपार्नासच्या प्रसिद्ध किकीला समोर ठेवून केलेले, छापील कापडाच्या पडद्यापुढे पहुडलेल्या स्त्रीचे चित्र पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. आज ते पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. हा पांढरा रंग कसा करतात हे त्याने शेवटपर्यंत कोणाला सांगितले नाही. एकविसाव्या शतकात चित्रांची दुरुस्ती करताना शास्त्रज्ञांना त्यात शंखजिऱ्याची पूड सापडली. १९४२ साली त्याच्या स्टुडिओत काढलेल्या एका छायाचित्रात लहान मुलांच्या अंगाला लावायच्या पावडरीचा डबाही दिसतो. तेलकट जमिनीवर पाण्यातली शाई न ओघळता बसावी यासाठी ही पावडर कामी येई. सगळ्या जगाला कोड्यात टाकणारे गुपित असे घरगुती निघाले.

येथे मला जपानी बाहुल्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. जपानात ३ मार्च रोजी मुलींचा सण असतो. त्या दिवशी घरोघर लाल कापडाने झाकलेल्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सर्वांत वर राजा-राणी, खाली राजवाड्यातल्या स्त्रिया, त्याखाली वादक. या बाहुल्यांचा पोशाख सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातल्या दरबाराचा असतो, म्हणजे लहान मुलीच्या खेळातून तिच्या देशाचा इतिहासच तिच्यापुढे बसलेला असतो. बाहुलीचे मस्तक लाकडाचे किंवा लाकडाच्या भुशाच्या लगद्याचे करतात. त्यावर शिंपल्यांची बारीक पूड सरसात कालवून थरांवर थर देतात आणि घासून घासून त्याला मऊ चमक आणतात. शेवटी भुवया आणि कपाळावरचे केस एका लांब, टोकदार कुंचल्याने रेखतात. त्या कुंचल्याचे जपानी नावच मुळी चेहऱ्यावरून पडले आहे. त्याला मेन्सो म्हणतात.

फूजिताचा कुंचला हाच होता. घासून गुळगुळीत केलेली पांढरी जमीन आणि तिच्यावर एका दमात ओढलेली केसासारखी रेघ, ही रीत जपानी कारागिराची. ती त्याने युरोपच्या तैलचित्रात नेली. त्याच्या स्त्रियांचे चेहरे मला पुष्कळदा बाहुल्यांसारखे स्तब्ध वाटतात, आणि त्याचे मूळ या कारागिरीत असावे असा माझा तर्क आहे. पॅरिसकरांना ते अगदी नवे वाटले. जपानी माणसाला मात्र त्यात आजीच्या पेटीतल्या बाहुलीची ओळख पटली असती.

कीर्तीबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर तमाशाही आला. कपाळावर सरळ कापलेले केस, गोल चष्मा, कानात डूल, मनगटावर गोंदवून घेतलेले घड्याळ. पॅरिसने त्याला फूफू असे लाडके नाव दिले. फ्रेंचमध्ये त्याला वेडा असाही एक अर्थ चिकटतो. परंतु या रंगेल वेषाआड एक करडा कामकरी माणूस होता. तो दारूला शिवत नसे आणि रात्री मेजवानीहून परतल्यावरही कामाला बसे. १९२५ साली फ्रान्सने त्याला लेजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. त्याची मांजरे तर त्याच्याइतकीच प्रसिद्ध झाली. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये निघालेले त्याचे मांजरांचे पुस्तक आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात.

या काळातले एक काम मला विशेष अर्थपूर्ण वाटते. पॅरिसच्या विद्यार्थी-वसाहतीत जपानी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधले गेले. १९२९ साली तेथे त्याची दोन मोठी चित्रे लागली. त्यांतल्या एकाचा विषय जपानात युरोपीय लोकांचे आगमन हा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज बोटी जपानच्या किनाऱ्याला लागल्या, तेव्हा तिथल्या चित्रकारांनी सोनेरी पडद्यांवर त्या उंच नाकाच्या परक्यांची चित्रे रंगवली होती. फूजिताने तीच सोनेरी पार्श्वभूमी घेऊन तीच कथा पॅरिसमध्ये रंगवली. आता परका तो स्वतः होता. परदेशी शिकायला आलेल्या जपानी मुलांनी येता-जाता हे चित्र पाहावे, ही योजना मोठी मार्मिक म्हटली पाहिजे.

मायदेशाने मात्र त्याचे फारसे कौतुक केले नाही. परक्यांना रिझवण्यासाठी जपानीपणाचा बाजार मांडणारा, असे त्याला टोकियोतले अनेक चित्रकार समजत. १९२९ साली तो सोळा वर्षांनी जपानात गेला तेव्हा प्रदर्शनाला गर्दी झाली, पण समव्यवसायींच्या मनातली अढी गेली नाही. फ्रान्समध्ये कराचे मोठे देणे डोक्यावर होते, जगावर मंदीची छाया पसरली होती आणि युकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्नीशीही बिनसले होते. १९३१ साली तो मादलेन या तरुणीबरोबर दक्षिण अमेरिकेकडे निघून गेला. ब्राझील, अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू, क्युबा, मेक्सिको असा दोन वर्षे भटकला आणि १९३३च्या अखेरीस जपानात येऊन स्थिरावला. १९३६ साली मादलेन टोकियोत वारली. त्यानंतर किमियो होरिउची हिच्याशी त्याचे लग्न झाले. ही पत्नी त्याला शेवटपर्यंत पुरली आणि त्याच्या पश्चात चाळीस वर्षे त्याचे नाव तिने कसोशीने जपले.

१९३७ साली अकिता प्रांतातील हिरानो मासाकिची या धनिकाच्या सांगण्यावरून त्याने एक अवाढव्य चित्र केले. उंची ३.६५ मीटर, लांबी २०.५ मीटर. त्यात अकिताचे सण, बाजार, बर्फ, मुले, ओझी वाहणारी माणसे असे सारे लोकजीवन आहे. हे काम त्याने पंधरा दिवसांत पुरे केले. पॅरिसमध्ये ज्याने मांजरीच्या मिशीइतकी बारीक रेघ ओढली, तोच हात येथे शेकडो माणसांचा जथा हलवू लागला होता. गर्दी रंगवण्याचे हे सामर्थ्य पुढे कोणत्या कामी येणार आहे, याची त्या वेळी अकिताच्या लोकांना कल्पना नसावी.

त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले. १९३८ साली नौदलाने इतर चित्रकारांबरोबर फूजितालाही चीनच्या आघाडीवर पाठवले. १९३९ साली तो पुन्हा पॅरिसला गेला खरा, पण जर्मन फौजा जवळ येताच १९४०च्या मे महिन्यात त्याला तेथून निघावे लागले. जपानात आल्यावर त्याने आपले ते प्रसिद्ध केस कापून शिपायासारखे बारीक केले. ज्या देशाने त्याला कधी पुरते आपले म्हटले नव्हते, त्या देशाने आता त्याला हाक मारली होती. लष्करी डॉक्टरचा हा मुलगा त्या हाकेला धावून गेला. पुढची पाच वर्षे तो जपानी युद्धचित्रकारांचा अग्रणी होता.

त्या चित्रांतले सर्वांत प्रसिद्ध चित्र अत्तू बेटाचे आहे. अलास्काजवळच्या या उजाड बेटावर १९४३च्या मे महिन्यात जपानी तुकडीने अमेरिकन सैन्यावर शेवटचा हल्ला चढवला. सुमारे अडीच हजार माणसांपैकी पकडली गेली ती तिसाच्या आत. बाकी सर्व मेली. सरकारने या मरणाला फुटलेल्या रत्नाची उपमा देऊन त्याचा गौरव केला. फूजिताने सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटरांहून अधिक रुंद कॅनव्हासवर ते रंगवले. त्यात दुधाळ पांढरा कुठेच नाही. मातकट तपकिरी अंधारात माणसे एकमेकांत गुंतून पडली आहेत. कोण आपला, कोण शत्रू, कोण जिवंत हे सहज ओळखू येत नाही. झेंडा नाही, सेनापती नाही, विजय नाही. खाली प्रेतांच्या जवळ लहान लहान रानफुले उगवलेली दिसतात.

हे चित्र गावोगाव फिरवण्यात आले. म्हाताऱ्या आया-बाया त्यापुढे हात जोडून उभ्या राहत, नाणी ठेवत, मेलेल्यांसाठी प्रार्थना करत. आपल्या चित्रापुढे असे काही घडताना फूजिताने प्रथमच पाहिले आणि ते त्याच्या मनावर खोल ठसले. मला वाटते, पॅरिसच्या टाळ्यांत त्याला जे मिळाले नाही ते त्याला येथे मिळाले. आपल्या माणसांनी आपल्याला आपले मानले, हे समाधान. १९४५ साली त्याने सायपान बेटावरच्या नागरिकांचे सामूहिक मरणही त्याच ताकदीने रंगवले. तेथे स्त्रिया आणि मुले आहेत. कड्याच्या टोकाशी एक बाई शांतपणे केस विंचरते आहे.

या चित्रांचे काय करावे हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही. काही जाणकारांना त्यांत युद्धाचा निषेध दिसतो. इतकी भयानक प्रेते पाहून कोणाला लढावेसे वाटेल, असे ते विचारतात. पण त्या काळच्या प्रेक्षकाने त्यांतून शरण न जाता मरण्याचाच धडा घेतला, हेही खरे. सरकारने ती भिंतीवर लावली ती काही शांततेच्या प्रचारासाठी नव्हे. फूजिताच्या मनात नेमके काय होते हे चित्रावरून कळत नाही. कळते ते एवढेच, की तो हे काम पाट्या टाकल्यासारखे करत नव्हता. त्याने त्यात आपले सर्व कसब ओतले होते, आणि म्हणूनच ती चित्रे इतर शेकडो प्रचारचित्रांसारखी विस्मृतीत गेली नाहीत.

युद्ध हरल्यावर वारे फिरले. काल ज्यांनी त्याच्या खांद्याला खांदा लावून युद्धचित्रे काढली होती, तेही आता दुसरीकडे पाहू लागले. वृत्तपत्रांतून टीका झाली. १९४६ साली चित्रकारांच्या एका नव्या संघटनेने युद्धकाळातील वर्तनाबद्दल ज्यांना जबाबदार धरले त्यांत फूजिताचे नाव ठळक होते. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने युद्धचित्रे गोळा करायला मदत केली, तर त्यावरूनही बोल लागला. पुढे अधिकृत चौकशीत चित्रकारांवर युद्धगुन्ह्याचा ठपका ठेवण्यात आला नाही. पण व्हायचे ते होऊन गेले होते. दोष सर्वांचा होता आणि ओझे एकाच्या डोक्यावर आले, असे मला वाटते. तरीही त्याचा स्वतःचा वाटा त्यामुळे कमी होत नाही. त्या अत्तूच्या चित्रापुढे हात जोडणाऱ्या आयांना त्याने पुढे कधी उघडपणे काही सांगितल्याचे दिसत नाही.

१९४९च्या मार्चमध्ये त्याने जपान सोडला तो कायमचा. आधी न्यूयॉर्क. तेथे त्याने पॅरिसच्या एका कॅफेत एकटीच बसलेली, समोर कोरे पत्र ठेवलेली काळ्या पोशाखातली स्त्री रंगवली. शाई सांडली आहे आणि पत्र लिहून होत नाही. हे चित्र आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. त्याची चौकटही त्याने स्वतःच्या हाताने केली. १९५० साली तो पॅरिसला पोचला. १९५५ साली त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतले आणि जपानी नागरिकत्व सोडले. १४ ऑक्टोबर १९५९ रोजी रँस येथील भव्य कॅथेड्रलमध्ये त्याने आणि किमियोने बाप्तिस्मा घेतला. लिओनार्दो दा विंचीची आठवण म्हणून त्याने लेओनार हे नाव धारण केले.

या शेवटच्या काळात त्याच्या चित्रांत मुले आली. पण ती कोणा शेजाऱ्याची खरी मुले नव्हेत. मोठी कपाळे, लांबट डोळे, मिटलेले ओठ, गोरेपान गंभीर चेहरे. अगदी बाहुल्याच. १९५८च्या सुमारास त्याने विटेएवढ्या, पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या चौकोनांवर शंभराहून अधिक मुले रंगवली आणि पॅरिसच्या घराची भिंत त्यांनी भरून टाकली. कोणी न्हावी, कोणी पाववाला, कोणी झाडूवाला, कोणी काचा बसवणारा. मोठ्यांचे सगळे धंदे ही बाळे अगदी मन लावून करताना दिसतात. फूजिताला स्वतःचे मूल नव्हते. ज्याने सायपानच्या कड्यावरची मुले रंगवली, त्याने म्हातारपणी कष्ट करून पोट भरणाऱ्या या बाहुल्यांचे गाव वसवले. या दोन गोष्टींचा संबंध जोडायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. मी तो जोडतो.

१९६०च्या सुमारास पॅरिसपासून जवळच्या व्हिलिए-ल-बाक्ल या खेड्यात त्याने एक जुने घर घेतले. तेथे पडदे, कपडे, भांडी, पेट्या अशा नाना वस्तूंवर त्याचा हात फिरलेला आहे. पुढे किमियोने हे घर तेथील जिल्हा प्रशासनाला दिले आणि २००० सालापासून ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. माळ्यावरच्या स्टुडिओच्या भिंतीवर एक भित्तिचित्रही आहे. ओल्या चुन्यावर रंगवण्याची कला म्हातारपणी शिकताना त्याने ते सरावासाठी केले. हा सराव होता रँसच्या प्रार्थनामंदिरासाठी.

हे शांतिमातेचे मंदिर फूजिताने स्वतः कल्पिले. शँपेन बनवणाऱ्या एका कंपनीचे प्रमुख रने लालू हे त्याचे धर्मपिता. त्यांनी जागा आणि पैसा पुरवला. १९६६च्या उन्हाळ्यात, ऐंशीच्या घरातल्या या माणसाने रोज तासन्‌तास उभे राहून सुमारे दोनशे चौरस मीटर भिंती रंगवल्या. ओल्या चुन्यावर केलेली चूक पुसता येत नाही. रेघ एकदाच ओढायची असते. मेन्सोने उभा जन्म काढलेल्या हाताला ते नवे नव्हते. ख्रिस्ताला क्रुसावर चढवण्याच्या प्रसंगात जमलेल्या माणसांत त्याने स्वतःचा चेहराही रंगवला आहे. तो वेगळा उभा नाही, गर्दीत आहे. अत्तूच्या चित्रानंतर तेवीस वर्षांनी त्याने पुन्हा एकदा मरणापुढे जमलेली माणसे रंगवली आणि या वेळी त्यांच्यात स्वतःला उभे केले. मंदिराचे नाव त्याने युद्ध संपून दोन तपे होत आली असताना शांतीवरून ठेवले, हेही विसरता येत नाही. शब्दांनी त्याने उत्तर दिले नसेल, पण भिंतीवर काही लिहून ठेवले आहे असे मला वाटते.

त्यानंतर लवकरच तो आजारी पडला आणि २९ जानेवारी १९६८ रोजी झुरिकच्या रुग्णालयात वारला. २००३ साली त्याचा देह त्याच मंदिरात आणून पुरला. २००९ साली किमियो गेली आणि त्याच्याशेजारी विसावली.

जपानने त्याला पुन्हा घरात घेतले ते सावकाश. अमेरिकेने नेलेली दीडशेहून अधिक युद्धचित्रे १९७० साली बेमुदत उसनवारीने टोकियोला परत आली, पण ती एकदम दाखवण्याचे धैर्य संग्रहालयाला लवकर झाले नाही. २००६ साली टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्याच्या समग्र कामाचे मोठे प्रदर्शन भरवले आणि २०१५ साली तेथे असलेली त्याची चौदाही युद्धचित्रे एकत्र मांडली. पांढऱ्या स्त्रिया आणि तपकिरी प्रेते हे एकाच माणसाचे काम म्हणून पाहायला तिथल्या लोकांना साठ-सत्तर वर्षे लागली.

फूजिताला निर्दोष ठरवण्याचा माझा हेतू नाही आणि त्याला दोषी ठरवण्याचा मला अधिकारही नाही. मात्र त्याच्या आयुष्यातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. हातातले कसब ही मोठी संपत्ती आहे. घर तुटले, देश सुटला, भाषा बदलली, तरी तिच्या आधारावर माणूस कुठेही बिऱ्हाड मांडू शकतो. पण ते कसब कोणाच्या हाकेला ओ देईल हे हात ठरवत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते. मायेला भुकेलेल्या माणसाला मायभूमीची हाक आली तर तो निर्णय किती अवघड होतो, हे फूजिताने दाखवले. आपण ब्रश, लेखणी किंवा छिन्नी हाती धरायला शिकतो आहोत. आपल्यालाही केव्हातरी कोणीतरी हाक मारील, आणि ती कदाचित आपल्याच माणसांची असेल. त्या वेळी हा बारीक रेघेचा, गोल चष्म्याचा जपानी चित्रकार आपल्याला आठवावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.